दादरच्या कोतवाल उद्यानाला ज्यांचं नाव आहे, त्यांनीच एकेकाळी मुंबईची वीज तोडली होती

दादर स्टेशनवरून प्लाझा थिएटरकडे निघालं की कोतवाल उद्यान लागतं. या नावाचा बसस्टॉप सगळ्या मुंबईला माहितीय. रोज हजारो माणसं तिथे बसची वाट बघत उभी असतात. पण हे कोतवाल कोण, असं विचारलं तर उत्तर देणारे थोडेच सापडतील.

त्यांचं पूर्ण नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणायचे. ते होते माथेरानचे.

माथेरानचा इतिहास सांगताना सुरुवात बहुतेक वेळा १८५० पासून होते. त्या वर्षी ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला, त्याला इथली हवा आवडली आणि पुढे इथे थंड हवेचं ठिकाण उभं राहिलं. साहेबांनी बंगले बांधले, मुंबईच्या श्रीमंत शेठ लोकांनी बांधले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचा पैसा घालून नेरळवरून छोटी रेल्वे वर आणली. शार्लोट लेक, लुईझा पॉईंट, अलेक्झांडर पॉईंट ही नावं आजही त्या काळाची आठवण देतात.

पण बंगले चालवायला माणसं लागायची. घोडेवाले, हमाल, रिक्षा ओढणारे, धोबी, न्हावी असं एक कष्टकऱ्यांचं माथेरानही याच डोंगरावर राहत होतं. तिथल्याच एका गरीब नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी भाई कोतवालांचा जन्म झाला.

सुरुवातीचं शिक्षण माथेरानला झालं. पुढच्या शिक्षणासाठी ते पुण्याला गेले आणि नंतर वकील झाले. त्या काळात अशा घरातल्या मुलाने वकिलीची सनद मिळवणं ही साधी गोष्ट नव्हती. शहरात राहून चार पैसे कमावता आले असते, पण भाई आपल्या भागातच काम करत राहिले.

डोंगराखालच्या कर्जत तालुक्यातली परिस्थिती वाईट होती. शेती सगळी पावसावरची. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की शेतकरी आणि कातकरी, ठाकूर समाजाची माणसं सावकाराच्या दारात जायची. उसनं आणलेलं धान्य सुगीला वाढीव मापाने फेडावं लागायचं. त्यामुळे नवं पीक घरात यायच्या आधीच निम्मं गेलेलं असायचं. भाईंनी यावर धान्यकोठीचा उपाय काढला. गावाने मिळून धान्य साठवायचं आणि अडल्यानडल्याला त्यातूनच द्यायचं, म्हणजे सावकाराची पायरी चढायला नको. सोबतच त्यांनी गावोगावी शाळा चालवल्या आणि शेतकऱ्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. माथेरान नगरपालिकेत ते निवडून आले आणि १९४१ मध्ये उपाध्यक्ष झाले.

१९४२ चा ऑगस्ट उजाडला. गांधीजींसह काँग्रेसचे सगळे मोठे नेते एका फटक्यात तुरुंगात गेले. मागे राहिलेल्यांनी आपापल्या भागात मार्ग शोधला. भाई भूमिगत झाले आणि त्यांनी कर्जत भागातल्या तरुणांना घेऊन आझाद दस्ता उभा केला. मानिवलीचे हिराजी पाटील आणि त्यांचे वडील गोमाजी पाटील हेही त्यांच्यासोबत होते.

दस्त्याने लक्ष्य निवडलं ते विजेच्या मनोऱ्यांचं. ते का, हे समजायला इथला नकाशा बघावा लागतो.

मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे तेव्हा सह्याद्रीच्या पाण्यावर चालत होत्या. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं आणि भिवपुरीचं १९२२ मध्ये. मावळातल्या धरणांचं पाणी मोठ्या पाईपांमधून घाटाखाली सोडायचं, त्यावर वीज तयार करायची आणि उंच मनोऱ्यांवरच्या तारांनी ती मुंबईला न्यायची, अशी ही व्यवस्था होती. यातलं भिवपुरी कर्जत तालुक्यात, तर खोपोली शेजारच्या खालापुरात. म्हणजे युद्धकाळात ब्रिटिशांसाठी राबणाऱ्या मुंबईची नाडी याच रानामाळातून जात होती. मनोऱ्यांची राखण करायची तर मैलोन् मैल जंगलात पहारा ठेवावा लागणार होता. तो एक मनोरा आडवा झाला तरी पुढचा वीजपुरवठा अडत होता.

रात्री निघायचं, लोखंडी करवतीने मनोऱ्याचे पाय कापायचे आणि उजाडायच्या आत जंगलात गडप व्हायचं. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत दस्त्याने ११ मनोरे पाडले. त्याचा फटका थेट मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला बसला.

सरकारने भाईंना पकडण्यासाठी बक्षीस लावलं आणि शोध वाढवला. घरी जाणं शक्य नव्हतं, एका जागी राहणंही शक्य नव्हतं. शेवटी दस्त्याने मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलाचा आसरा घेतला. भीमाशंकरच्या डोंगररांगेतला हा किल्ला, भोवती दाट झाडी. पण त्यांचा ठावठिकाणा पोलिसांपर्यंत पोहोचला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीने मुक्कामाच्या जागेला वेढा दिला. झालेल्या गोळीबारात हिराजी पाटील आणि भाई कोतवाल हुतात्मा झाले. भाईंनी महिन्यापूर्वीच वयाची तीस वर्षं पूर्ण केली होती.

पुढे ज्या शहराची वीज त्यांनी तोडली होती, त्याच शहराने आपल्या एका उद्यानाला त्यांचं नाव दिलं. २०२० मध्ये त्यांच्यावर मराठी सिनेमाही आला. तरीही माथेरानला जाणाऱ्या पर्यटकाच्या यादीत पॉईंट असतात, टॉय ट्रेन असते, चिक्की असते, भाई कोतवाल क्वचितच असतात. भिवपुरीचं वीजकेंद्र, मनोऱ्यांच्या तारा आणि सिद्धगड या सगळ्या जागा आजही आहेत. पण त्यांना जोडणारी गोष्ट माहीत नसेल, तर बघणाऱ्याला नुसते खांब आणि डोंगर दिसतात.

दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर बलिदान दिन पाळला जातो. थर्टी फर्स्टसाठी आलेल्या पर्यटकांनी माथेरानची हॉटेलं तेव्हा भरलेली असतात. त्याच थंडीत आसपासच्या गावांतले लोक पहाटेच्या अंधारात सिद्धगडच्या जंगलात जमतात आणि माथेरानच्या या वकिलाला आणि मानिवलीच्या त्याच्या साथीदाराला मानवंदना देतात.