कावसजीचं नाक

आमच्या आंबेनळीकडे पानाला लावतात तो खैराचा कात. मैत्रिणींनो, त्यानंच एकाचं नाक बसवलं होतं!

कावसजी, नाव पारशी वाटलं तरी मराठा शेतकरी. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या माणसांनी पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभर बिचारा तसाच वावरला.

मग पुण्याकडच्या एका वीटकामगारानं मेणाचं नाक करून माप घेतलं, तेवढी कपाळाची कातडी सोडवली, रक्त पोचावं म्हणून भुवयांमध्ये जोडलेलीच ठेवून खाली वळवली आणि कात लावलेल्या पट्ट्यांनी बसवली. नंतर तुपाच्या पट्ट्या. पंचवीसेक दिवसांनी वरचा सांधा कापला.

१७९४ मध्ये लंडनच्या मासिकात कावसजीचं चित्र छापलं. १८१४ मध्ये तिथल्या डॉक्टर कार्प्यूंनी हीच रीत वापरली. नाक देणाऱ्याचं नाव मात्र त्या मासिकानं छापलंच नाही.