जिभेखालचा स्फोट

माझ्या वडिलांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात पेन, बसची तिकिटे आणि एक छोटीशी डबी असे. डबीत बारीक गोळ्या. छातीत कळ आली की त्यातली एक जिभेखाली ठेवायची, असे डॉक्टरांनी बजावले होते. वडील मात्र टाळाटाळ करीत. गोळी घेतली की डोके ठणकते, ही त्यांची तक्रार. छातीचे दुखणे देऊन डोक्याचे घ्यायचे, हा कसला व्यवहार, असे ते विचारीत. त्यांची समजूत काढावी म्हणून मी त्या औषधाची माहिती वाचू लागलो आणि पोचलो थेट आल्फ्रेड नोबेलपाशी. नेमकी हीच तक्रार करून याच कुळातले औषध नाकारणारा जगातला सर्वांत प्रसिद्ध रोगी तोच होता!

आल्फ्रेडचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोमला झाला. त्याच वर्षी त्याच्या वडिलांचे दिवाळे वाजले. नशीब काढायला ते रशियाला गेले आणि १८४२ मध्ये त्यांनी कुटुंबाला सेंट पीटर्सबर्गला बोलावून घेतले. मुलगा प्रकृतीने नाजूक, पण बुद्धीने तल्लख. सतराव्या वर्षी पाच भाषा अवगत आणि कवितेचे वेड. हे वेड वडिलांना रुचेना. त्यांनी त्याला रसायनशास्त्र शिकायला परदेशी धाडले. पॅरिसच्या मुक्कामात त्याला नायट्रोग्लिसरीनची माहिती मिळाली. हे तेलासारखे द्रव्य इटलीतील तुरीन शहरात आस्कानियो सोब्रेरोने १८४७ मध्ये तयार केले होते. सोब्रेरोने त्याचा कण जिभेला लावून पाहिला, तो डोके फुटेल असे दुखू लागले. औषधाची पहिली खूण तिथेच मिळाली होती, पण साऱ्यांचे लक्ष गेले ते त्याच्या स्फोटाकडे.

त्या स्फोटाने नोबेल कुटुंबालाही सोडले नाही. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील त्यांची कार्यशाळा उडाली. पाच माणसे दगावली, त्यांत आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल होता. शहरात प्रयोगांना बंदी आली, तेव्हा आल्फ्रेडने तळ्यात तराफा नांगरून त्यावर काम चालू ठेवले. हे चंचल तेल एका सच्छिद्र मातीत जिरवले की ते शांत राहते, हे त्याने हेरले आणि १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले.

कारखाने वाढले, तशी एक विचित्र गोष्ट दिसू लागली. आठवड्याच्या आरंभी कामगारांचे डोके भयंकर दुखे, दोन-चार दिवसांत शरीर सरावे आणि रविवारची सुटी झाली की सोमवारी पुन्हा तेच! १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टराने छातीतील कळेवर नायट्रोग्लिसरीनचा अत्यल्प डोस गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. रोगी धास्तावू नयेत म्हणून औषधाचे नाव ठेवले ट्रायनायट्रिन.

नोबेल अविवाहित राहिला. देशोदेशी कारखाने, पण हक्काचे माणूस जवळ नाही. शरीरविज्ञानाची मात्र त्याला ओढ होती. १८९० मध्ये त्याने योहान्सन या तरुण स्वीडिश संशोधकाला पॅरिसजवळच्या आपल्या प्रयोगशाळेत रक्तदानाच्या प्रयोगांसाठी बोलावले होते. नोव्हेंबर १८९५ मध्ये त्याने मृत्युपत्रावर सही केली आणि बहुतेक सारी संपत्ती पारितोषिकांसाठी ठेवली. त्यांत एक पारितोषिक वैद्यकाचे. पुढल्याच वर्षी हृदयविकार बळावला आणि डॉक्टरांनी त्याला नायट्रोग्लिसरीन घ्यायला सांगितले. हा दैवाचा विनोद त्याने पत्रात लिहून कळवला, पण औषध घेतले नाही. याने डोके दुखते हे त्याला पक्के ठाऊक होते. छातीची कळ थांबेल, हे मात्र पटेना. १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीतील सान रेमो येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा अंत झाला. शेवटच्या घटकांत त्याला फक्त बालपणीची भाषा आठवत होती आणि भोवतीच्या नोकरांना ती कळत नव्हती.

त्याच १८९६ साली, सोब्रेरोच्याच तुरीनमध्ये, रिवा-रोची या डॉक्टराने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र प्रसिद्ध केले. आपला दाब क्षणोक्षणी सांभाळला जातो तो असा : मानेतील आणि छातीतील मोठ्या रोहिण्यांवर ताण मोजणारे पहारेकरी असतात. ते मेंदूच्या बुंध्याला वर्दी देतात. दाब उतरला की तिथून मज्जातंतूंमार्फत हुकूम सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय जोराने धावते. ॲड्रिनलिन आणि अँजिओटेन्सिन ही संप्रेरके या आवळण्याला जोर देतात. मग सैल कोण करते?

हे कळायला नोबेलनंतर ऐंशीहून अधिक वर्षे लागली. १९७७ मध्ये फरीद मुराद यांना दिसले की नायट्रोग्लिसरीनमधून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि रक्तवाहिनीचे स्नायू सैलावतात. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवले की वाहिनीचे आतले अस्तर स्वतःच सैलावणारे काही द्रव्य तयार करते. १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो या निष्कर्षाला आले की ते द्रव्य म्हणजेच नायट्रिक ऑक्साइड. हा वायू काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात मज्जातंतूंची मूठ सैल करतो. मेंदूतील केंद्रांनाही तो आवर घालतो, असे पुढे आढळले. या तिघांना १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. नाकारलेल्या गोळीचे उत्तर नोबेलला त्याच्याच पैशातून मिळाले, पण एकशे दोन वर्षे उशिरा.

हे सारे मी वडिलांना सांगितले. ज्या सैलपणाने छातीची कळ थांबते, त्यानेच डोक्यातल्या वाहिन्या फुगून ठणका लागतो. तेव्हा ठणका ही औषध पोचल्याची पोचपावतीच. ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारले, गोळी घेतली असती तर तो वाचला असता का? मी खरे ते सांगितले : तसे म्हणता येणार नाही, पण त्याच्या छातीच्या कळा कदाचित सुसह्य झाल्या असत्या.

त्यानंतर वडिलांनी गोळी टाळली नाही. डोके ठणकू लागले की कपाळ चोळत म्हणत, नोबेल आला.