वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर – ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे भारतीय उद्योगपती होते. बांधकाम, जहाजवाहतूक, जहाजबांधणी, विमाननिर्मिती व मोटारनिर्मिती या क्षेत्रांत त्यांनी पायाभूत कार्य केले. ते स्वतः अभियंते नव्हते. तथापि मोठ्या संरचना भारतातच उभारण्याची आणि त्यांचे बळ पारखण्याची क्षमता निर्माण करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

जन्म व शिक्षण

वालचंद यांचे घराणे मूळचे गुजरातमधील दिगंबर जैन होते. सोलापुरात या कुटुंबाचा कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. वालचंद यांचे महाविद्यालयीन शिक्षण मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे झाले. घरच्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही.

बांधकाम व्यवसाय

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव बळवंत फाटक या माजी रेल्वे कारकुनाच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या मार्गबांधणीचे कंत्राट घेतले. अडीच फूट रुंदीच्या या रेल्वेचा कुर्डुवाडी–बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला होता. तिचे रचनाकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी गाड्यांचा भार सर्व आसांवर सारखा विभागून कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ दिला नाही. त्यामुळे हलके रूळ पुरेसे ठरले आणि खर्च घटला.

पुढे टाटा समूहाच्या सहभागाने स्थापन झालेल्या टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीची सूत्रे वालचंद यांच्याकडे आली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावापासून मुंबईपर्यंतची जलवाहिनी ही त्यांच्या काळातील महत्त्वाची कामे होत. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना केली. ही कामे सरकार, रेल्वे किंवा नगरपालिकांची असत. परकीय सत्तेच्या धोरणांना विरोध करणाऱ्या या उद्योजकाचे भांडवल अशा रीतीने बऱ्याच अंशी सरकारी कंत्राटांतूनच उभे राहिले.

ह्यूम पाईप

१९२६ मध्येच त्यांच्या पुढाकाराने इंडियन ह्यूम पाईप कंपनी स्थापन झाली. वॉल्टर ह्यूम यांनी ऑस्ट्रेलियात शोधलेल्या पद्धतीत पोलादी सळ्यांचा सांगाडा साच्यात ठेवून साचा वेगाने फिरवतात. केंद्रोत्सारी प्रेरणेने काँक्रीट साच्याच्या भिंतीवर घट्ट बसते. नळातील पाण्याचा दाब भिंतीला परिघाच्या दिशेने ताणतो. काँक्रीट दाब चांगला सोसते, परंतु ताणाने लवकर तडकते. म्हणून हा ताण गोलाकार सळ्या पेलतात. जमिनीत पुरलेल्या नळावर मातीचा भारही येतो व त्याने भिंत वाकते. दाबाखालच्या नळांची गणिताने ठरवलेली रचना पाणी भरून, दाब वाढवून तपासली जाते. या उद्योगामुळे असे नळ देशातच तयार होऊ लागले.

जहाजे व विमाने

१९१९ मध्ये वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आदींसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. ब्रिटिश कंपन्यांच्या तीव्र स्पर्धेला या कंपनीला दीर्घकाळ तोंड द्यावे लागले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभारली. मूळचे कोल्हापूर भागातील आणि जर्मनीत लुडविग प्रांट्ल यांच्याकडे संशोधन केलेले विष्णू माधव घाटगे यांनी तेथे विमानरचनेचे कार्य केले. १९४२ मध्ये युद्धकाळात सरकारने हा कारखाना ताब्यात घेतला.

विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी जून १९४१ मध्ये राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी जवाहरलाल नेहरू यांनी केले. मोटारनिर्मितीसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली होती.

मृत्यू व वारसा

१९४९ मध्ये पक्षाघात झाल्यानंतर वालचंद उद्योगांच्या कारभारातून निवृत्त झाले. सांगलीच्या १९४७ मध्ये स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. सोलापुरात १९८३ पासून वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी कार्यरत आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर त्यांच्या साखर कारखान्याभोवती वसले. तेथील अभियांत्रिकी उद्योगाने पुढे भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांसाठी मोटरींची पोलादी आवरणे तयार केली. ज्वलनातील वायूंचा प्रचंड दाब या आवरणांना पेलावा लागतो.