टोपीदार पिस्तुलामागचे धर्मोपदेशक

स्कॉटलंडमधील बेलहेल्वीचे धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोर्साइथ (१७६८–१८४३) यांना शिकारीचा छंद. चकमकीच्या बंदुकीत आधी रंजक भडके आणि त्या लखलखाटाने पाखरे सावध होत. त्यांनी आघाताने पेटणारी भुकटी योजिली. १८०६मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये प्रयोगांस जागा मिळाली. पण शस्त्रखात्याचे प्रमुख बदलताच गाशा गुंडाळावा लागला. १८०७मध्ये त्यांनी एकस्व घेतले. पुढे इतरांनी तांब्याची टोपी आणली आणि युरोपातील द्वंद्वयुद्धाची पिस्तुले याच तत्त्वावर घडू लागली. संग्राहकांच्या हाती आज ती येतात तेव्हा टोपीच्या जागेभोवती गंज दिसतो. तोही बहुधा अशाच भुकटीच्या क्षारांचा. ब्रिटिश लष्कराने ही पद्धत १८४०च्या सुमारास स्वीकारली. सरकारी मोबदला मात्र आयुष्याच्या अखेरीस मंजूर झाला, आणि त्याचा मोठा भाग फोर्साइथांच्या पश्चात नातलगांच्या पदरी पडला.