हैदर अली : निरक्षर सेनानीची दूरदृष्टी

विद्यार्थी मित्रांनो, म्हैसूरच्या हैदर अलींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण इंग्रजांचे बळ कवायती पायदळात आणि दुबळेपणा रसदेत आहे, हे त्यांनी ओळखले. १७६९ मध्ये इंग्रज फौजेला हुलकावणी देऊन त्यांचे घोडदळ थेट मद्रासच्या वेशीवर धडकले. इंग्रजांना तह करावा लागला.

१७७९ मध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यात, वडगावला, मराठ्यांनीही रसद तोडूनच इंग्रजांना नमवले. पुढच्या वर्षी जुने वैर विसरून हैदर पुणे दरबाराला मिळाले. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूरला त्यांनी व टिपूने कर्नल बेलीची तुकडी मुख्य फौजेला मिळण्याआधीच गारद केली.

शिरूर-दौंडच्या पालकहो, १७८२ मध्ये वारलेल्या या निरक्षर पित्याने टिपूला मात्र उत्तम शिक्षण दिले. तीही दूरदृष्टीच होती.