डॉ. होमी भाभा : गेल्यावरही चालू राहिलेलं काम

बोईसर-तारापूर म्हटलं की पहिलं आठवतं ते अणुवीज केंद्र. पण ज्यांनी ते इथे आणलं त्या डॉ. होमी भाभांना ते सुरू झालेलं बघताच आलं नाही, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईचा. मुलाने केंब्रिजला मेकॅनिकल करावं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावं, ही वडिलांची इच्छा. मुलाचं मन मात्र फिजिक्समध्ये! शेवटी तोडगा निघाला : आधी मेकॅनिकल फर्स्ट क्लासमध्ये, मग गणित. १९३० मध्ये त्यांनी आपली बाजू पूर्ण केली. घरच्यांनी ब्रँच ठरवलेल्या मुलांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले आणि महायुद्ध सुरू झालं. ते इथेच राहिले. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम केलं, १९४५ मध्ये टाटा ट्रस्टच्या मदतीने टीआयएफआर उभी केली आणि १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेची 'अप्सरा' अणुभट्टी चालू झाली.

कॉम्प्युटरवाल्यांनो, आपलं नातंही इथलंच. टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांनी कॉम्प्युटर बनवला. १९६० मध्ये तो पूर्ण चालू झाला, पुढे त्याला 'टिफरॅक' नाव मिळालं. मेमरी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे जेमतेम १० केबी!

आता जरा लॅबमध्ये येऊ. लिनक्सवर टॉमकॅट टाकताना आधी जावा टाकायचं, मग टॉमकॅटसाठी वेगळा युजर बनवायचा (रूटने चालवायचं नाही), फोल्डरच्या परमिशन द्यायच्या आणि ८०८० पोर्ट मोकळा आहे ना ते बघायचं. ब्राउझरमध्ये पान दिसलं की सगळे खूश. पण मला वाटतं, खरं इन्स्टॉलेशन त्याच्या पुढे असतं. टर्मिनलमध्ये समोर चालवलेला सर्व्हर टर्मिनल बंद केलं की बंद पडतो. म्हणून त्याची सर्व्हिस बनवायची. मग टाकणारा लॉगआऊट करून घरी गेला, रात्री लाइट जाऊन मशीन रीस्टार्ट झालं, तरी सर्व्हर आपला आपण उठतो.

भाभांनी देशात नेमकं हेच केलं. १९५७ मध्ये ट्रॉम्बेला ट्रेनिंग स्कूल काढून दरवर्षी नवे इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ तयार करायची सोय केली. १९६४ मध्ये तारापूरसाठी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला. आणि २४ जानेवारी १९६६ ला त्यांचं विमान माँ ब्लांवर कोसळलं. वय फक्त ५६!

काम थांबलं का? नाही. आयोगाची सूत्रं विक्रम साराभाईंनी घेतली, शिकवलेली माणसं जागेवर होती. २८ ऑक्टोबर १९६९ ला तारापूरच्या दोन्ही अणुभट्ट्यांतून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली.

आपल्याकडे मात्र प्रोजेक्टचा सर्व्हर, पासवर्ड, गॅदरिंगचा हिशोब, सगळं एकाच सीनियरच्या डोक्यात असतं. तो पास आऊट झाला की पुढची बॅच शून्यापासून सुरू करते. यंदा जाणाऱ्यांनी एवढंच करावं : एका ज्युनिअरला शेजारी बसवून सगळं त्याच्या हातून करून घ्यावं, आणि मगच लॉगआऊट करावं.