हाफकिन नावाचा माणूस

स्मरणिकेसाठी मजकूर मागवला तेव्हा बॅचच्या ग्रुपवर मी लिहिलं, मी हाफकिनवर लिहिते. लगेच दोघांनी विचारलं, कंपनीवर का?

त्यांना हसायचा मला अधिकार नाही. डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओची पहिली मोहीम झाली, तेव्हा आपण नववीत होतो. सरांनी आपल्याला गल्ल्या वाटून दिल्या होत्या. लहान लेकरांच्या आयांना बोलावून आणायचं, एवढंच काम. बर्फाच्या डब्याशेजारच्या एका खोक्यावर हाफकिन हे नाव मी वाचलं आणि पुढे इंजिनिअरिंग होऊन नोकरीला लागेपर्यंत ते औषध कंपनीचंच नाव समजत राहिले. तो एक माणूस होता, आणि त्याच्यावर १९ मृत्यूंचा ठपका आला होता, हे फार उशिरा कळलं.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये रशियन साम्राज्यातल्या ओडेसाचा, ज्यू घराण्यातला. तिथल्या विद्यापीठात मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. ज्यू वस्तीवर हल्ले झाले तेव्हा बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते आणि त्यासाठी तुरुंगातही गेले. धर्म बदलला असता तर प्राध्यापकी मिळाली असती. त्यांनी बदलला नाही. १८८९ मध्ये ते पॅरिसला पाश्चर संस्थेत पोचले ते ग्रंथालयातल्या नोकरीवर. पुस्तकं सांभाळून उरलेल्या वेळात प्रयोग करत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली.

पटकी जिथे खरोखर माणसं नेत होती तिथे लस तपासायची म्हणून १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. पुढच्या वर्षी कोलकात्याच्या एका वस्तीत साधारण २०० माणसांपैकी ११६ जणांना त्यांनी लस टोचली. त्यानंतर तिथे पटकीचे १० रुग्ण निघाले, ते सगळे लस न घेतलेले. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणारे दोन गट घ्यायचे आणि मोजायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले आज नवी गोष्ट अशीच तपासतो, फक्त आमच्याकडे माणसं मरत नाहीत. दोनेक वर्षांत त्यांनी ४० हजारांवर लोकांना लस दिली. स्वतः मलेरियाने आजारी पडून परत गेले, बरे झाले आणि पुन्हा आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. माझी आजी तिच्या सासूबाईंकडून ऐकलेलं सांगायची: उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, शेतात खोपी घालून राहायचं. आपलं परतूर तेव्हा निजामाच्या राज्यात, पण गाठीच्या रोगाला सरहद्द ठाऊक नव्हती.

ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना जी जागा मिळाली ती म्हणजे जवळजवळ एक व्हरांडाच. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचे जंतू भरपूर वाढवायचे कसे, हा खरा प्रश्न होता. त्यांनी मांसाच्या रसावर तुपाचे थेंब सोडले. होय, आपलं घरातलं तूप. त्या थेंबांखाली जंतू चिकटून वाढत आणि दोऱ्यांसारखे खाली लोंबत. बाटली हलवली की त्या दोऱ्या तळाशी पडत, वर नव्या वाढत. असे काही आठवडे गेले की उष्णता देऊन जंतू मारायचे. ती झाली लस. पंधरा-सोळा तास राबून तीन महिन्यांत त्यांनी हे उभं केलं आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतलं, तेही इतरांना देणार होते त्याहून जास्त मात्रेत. महिनाअखेरीस भायखळा तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तिथल्या स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांवर चाचणी झाली. लस घेतलेल्यांत रुग्ण स्पष्टपणे कमी निघाले.

त्याच मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. लस तयार होऊन दोनच महिने झाले होते. या दोन तारखा मला नेहमी एकत्र आठवतात.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळा थाटली गेली. हाफकिन तिचे प्रमुख.

मग १९०२ चा ऑक्टोबर आला. पंजाबातून लशीची प्रचंड मागणी होती. ती भागावी म्हणून हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक आम्ल घालणं थांबवून फक्त उष्णतेवर भर दिला होता. मलकोवाल या गावी ३० ऑक्टोबरला १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या १९ जणांना आठवडाभरात धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. हे १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते, ५३ एन क्रमांकाच्या. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

चौकशी समितीने निष्कर्ष काढला की बिघाड परळच्या प्रयोगशाळेतच झाला. पद्धत बदलली होती ना, मग दोष बदलणाऱ्याचा. हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं आणि १९०४ मध्ये ते देश सोडून गेले. पण त्याच चौकशीच्या कागदांत एक नोंद होती: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं होतं. शिवाय धनुर्वाताचे जंतू आठवडेच्या आठवडे बाटलीत वाढत असते तर उघडताच घाण वास सुटला असता. उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता.

इथे थोडं माझं. काही वर्षांपूर्वी एका नोकरीत माझ्या बदलामुळे प्रणाली बंद पडली, असं बैठकीत ठरलं. लॉग तपासायला कुणाला सवड नव्हती. कारण भलतंच निघालं, ते महिन्याभराने, आणि तोवर मी त्या कामातून बाहेर गेले होते. माझा तर एकच महिना होता आणि कुणाचा जीव गेला नव्हता. हाफकिन यांचं प्रकरण चार-पाच वर्षं चाललं. १९ घरं उजाड झाली होती, त्यामुळे मी निर्दोष आहे हे मोठ्याने म्हणणंसुद्धा त्यांना किती जड गेलं असेल!

अखेर १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून आरोप फेटाळला. हे तेच रॉस, ज्यांनी मलेरिया आणि डासांचं नातं शोधलं. सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरी दिली, पण परळ नाही दिलं. कोलकात्याच्या एका लहान प्रयोगशाळेत, लस बनवण्याचा अधिकार नसताना, त्यांनी १९१४ पर्यंत काढली. पुढची वर्षं युरोपात गेली, शेवटी लोझानला. लग्न केलं नाही. १९३० मध्ये ते गेले.

तोवर परळहून प्लेग लशीच्या कोट्यवधी मात्रा बाहेर गेल्या होत्या आणि १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं होतं. सत्तर वर्षांनी तेच नाव परतूरच्या बूथवर, बर्फाच्या डब्याशेजारी पोचलं. आपण मात्र त्या दिवशी दुपारनंतर शाळा सुटणार का, एवढंच सरांना विचारत होतो.